बाळ नीट वळावं म्हणून: शेवटचे महिने आणि कळा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दर शनिवारी दुपारी सातवा-आठवा-नववा लागलेल्या बायकांचा वर्ग घेते. सतरंज्या अंथरून होतात न होतात तोच कुणाच्या तरी पर्समधून सोनोग्राफीचा कागद निघतो आणि पहिला प्रश्न येतो. खालचे प्रश्न तिथलेच आहेत, शक्यतो विचारणारीच्याच शब्दांत. तुमचं पोट ज्यांनी हाताने तपासलंय त्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर ऐकायचं त्यांचं.

रिपोर्टमध्ये ‘सिफॅलिक’ लिहिलंय. म्हणजे सगळं ठीक ना?

म्हणजे डोकं खाली आहे. अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं म्हणजे बाळाची पाठ कुठे आहे ते. काही रिपोर्टांत एलओए, आरओपी अशी तीन अक्षरं असतात. मधला ‘ओ’ म्हणजे ऑक्सिपुट, बाळाच्या डोक्याचा मागचा भाग. तो तुमच्या डावीकडे आहे की उजवीकडे ते पहिलं अक्षर सांगतं: एल म्हणजे डावीकडे, आर म्हणजे उजवीकडे. शेवटच्या अक्षरावरून तो पुढे पोटाकडे आहे (ए), मागे पाठीकडे आहे (पी) की बाजूला (टी) हे कळतं. एलओए असेल तर बाळाची पाठ तुमच्या पोटाच्या डाव्या अंगाला पुढे आहे आणि तोंड तुमच्या मणक्याकडे. बाहेर यायला ही सर्वात सोयीची स्थिती. ओपी असेल तर बाळाची पाठ तुमच्या पाठीकडे. वर्गात आम्ही याला ‘पाठीला पाठ’ म्हणतो.

पण ३२व्या आठवड्यातलं ओपी वाचून रात्रभर मोबाइल चाळत बसू नका. तेव्हा बाळ दिवसातून कितीदा तरी कूस बदलत असतं. अगदी कळा सुरू होतानासुद्धा शंभरातली साधारण पंधरा ते तीस बाळं पाठीला पाठ असतात, आणि जन्मताना तशी राहतात ती पाच ते आठ. बाकीची वाटेत वळतात. हे आकडे मी फळ्यावर लिहून ठेवते आणि तास संपेपर्यंत पुसत नाही.

डोकं खाली आहे ना, मग तोंड कुठेही असेना. काय फरक पडतो?

डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या भरताना आठवा. कासारीण आधी हात दाबून मऊ करते, अंगठा तळव्यात दुमडते, बोटं एकत्र चिमटते आणि बांगडी जरा तिरपी धरून फिरवत फिरवत चढवते. पंजा ताठ धरलात की तीच बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडते, हात लाल होतो आणि ती वैतागून म्हणते, ‘अहो ताई, हात सैल सोडा.’

बाळाच्या डोक्याचं तसंच आहे. हनुवटी छातीला टेकलेली असली की डोक्याचा जो व्यास पुढे येतो तो साधारण साडेनऊ सेंटिमीटर. पाठीला पाठ असलेल्या बाळाची मान बऱ्याचदा ताठ राहते, मग पुढे येणारा व्यास साडेअकराच्या आसपास जातो. डोकं तेच, पण बोटभर जास्त जागा मागणारं.

शिवाय वाट सरळ नाही. कटीचं, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांच्या कड्याचं, वरचं तोंड आडवं रुंद असतं आणि खालचं पुढून मागे. म्हणून बाळाला आत शिरताना एका बाजूला तोंड करून शिरावं लागतं आणि उतरताना पाव वळसा घ्यावा लागतो. पाठ पुढे असेल तर हा वळसा छोटा, मागे असेल तर लांबचा. तेवढ्याने बाळ अडतंच असं नाही. पण वेळ जास्त जातो, कंबर मोडून येते, आणि चिमटा, व्हॅक्यूम किंवा सिझरची शक्यता वाढते. काही बाळं तर तशीच, आभाळाकडे तोंड करून, छान जन्मतात.

बाळाची पाठ कुठे आहे हे मला घरी कळेल का?

अंदाज येईल. उताणं फार वेळ पडून राहायचं नाही, म्हणून मागे दोन उशा घेऊन रेलून बसा आणि पोटावर तळहात फिरवा. एका बाजूला सलग, घट्ट, वाटीच्या बाहेरच्या अंगासारखा गुळगुळीत भाग लागतो. ती पाठ. लाथा उजव्या बरगडीखाली बसत असतील आणि पाठ डावीकडे पुढे लागत असेल, तर बाळ बहुधा एलओए आहे. बेंबीच्या भोवती पुढेच बारीक हातपाय वळवळत असतील, बेंबीपाशी पोटाला खळगा दिसत असेल आणि पाठ सापडतच नसेल, तर ते पाठीला पाठ असू शकतं. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर हे सगळं गादीमागून चाचपल्यासारखं होतं. तेव्हा नाद सोडा. सिस्टर ठोके कुठे ऐकतात त्यावरूनही कळतं, त्यांनाच विचारा.

सासूबाई म्हणतात, रोज खाली बसून फरशी पूस, बाळ आपोआप वळेल आणि नॉर्मल होईल. खरं का?

गंमत अशी की तुमच्या सासूबाई आणि न्यूझीलंडची एक सुईण एकच गोष्ट सांगतात. जीन सटन ही सुईण आणि पॉलीन स्कॉट ही बाळंतपणाचे वर्ग घेणारी शिक्षिका, या दोघींनी १९९०च्या दशकात हा विचार पुढे आणला. बाळाची पाठ हा जड भाग. आई पुढे झुकलेली असली की तो वजनाने पुढे, पोटाच्या झोळीत येतो. आई सोफ्यात मागे रेलून बसली की तो मागे, मणक्याकडे घसरतो. पूर्वीच्या बायका वाकून, ओणवून कामं करायच्या, आता आपण गाडीत आणि सोफ्यात बसतो, म्हणून पाठीला पाठ बाळं वाढली, असं त्यांचं म्हणणं. ऐकताक्षणी पटणारं आहे. मलाही पटलं होतं, आणि काही वर्षं मी ते जसंच्या तसं शिकवलंही.

मग मी २००४ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला अभ्यास वाचला. अडीच हजारांवर बायका. निम्म्यांनी ३७व्या आठवड्यापासून रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, हातागुडघ्यांवर रांगतं राहून कंबर हळू हलवली. निम्म्यांनी नुसतं रोज चालणं केलं. जन्मताना पाठीला पाठ बाळं पहिल्या गटात ८.१ टक्के, दुसऱ्यात ७.८. म्हणजे फरक शून्य.

तेव्हा उत्तर: फरशी पुसून बाळ वळतं याला आधार नाही. घरात मॉप असताना फडकं हातात देणाऱ्यांना हे आकडे दाखवायला हरकत नाही. ओल्या टाइल्सवर नवव्या महिन्यातलं पोट घेऊन घसरण्याची भीती मला जास्त वाटते.

पण रांगण्याची स्थिती वाईट नाही हं. सतरंजीवर, गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर ठेवून सावकाश मार्जारासन केलं, तर दिवसभर कंबरेवर आलेलं वजन दहा मिनिटं उतरतं. श्वास घेताना पाठ सपाट, सोडताना वर गोल. पोट खाली लोंबू द्यायचं, पण कंबर खोलगट करायची नाही. बाळासाठी नको, तुमच्या कंबरेसाठी करा.

मग सोफ्यावर बसायचं की नाही? बसावं तरी कसं?

बसा की. आठ तास ऑफिस करून आलेल्या बाईने संध्याकाळी सोफ्यावर टेकायचं नाही, असं सांगणारी मी कोण? फक्त एकाच जागी रुतून दोन तास मालिका पाहू नका. मागे एक कडक उशी घ्या, बूड गुडघ्यांपेक्षा किंचित वर येईल असं बसा. ऑफिसच्या खुर्चीवर चादरीची घडी टाकली तरी तेवढं होतं. घरी खुर्ची उलटी फिरवून, पाठीच्या फळीवर हात टाकून, दोन्हीकडे पाय सोडून बसता येतं. साडी नेसलेल्यांना हे जमत नाही, त्यांनी ओट्यावर कोपर टेकून उभं राहून भाजी निवडावी. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल तर मोडू नका. पाय जड होत असतील तर पाट घ्या.

उकिडवं बसणं मी सर्वांना सांगत नाही. मूळव्याध असेल, जांघेत किंवा ओटीच्या हाडात दुखत असेल, किंवा बाळ पायाळू (डोकं वर, बूड किंवा पाय खाली) असेल तर नको.

डाव्या कुशीवरच झोपायचं का? आणि कूस बदलताना आधी उठून बसायचं, नाहीतर नाळेला पीळ पडतो म्हणतात.

२८व्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोपा, हे मात्र मनापासून पाळा. उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर येतं आणि बाळाकडचा रक्तपुरवठा कमी होतो. त्या काळात उताणं झोपून झोप लागण्याचा पोटात बाळ दगावण्याशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. कूस डावी की उजवी, याने फार बिघडत नाही. मध्यरात्री जाग आली आणि उताण्या सापडलात तर घाबरू नका, वळा आणि पुन्हा झोपा.

नाळेचं म्हणाल, तर नाळ मुळातच पिळदार असते, सुतळीसारखी, आणि तिच्या रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखा मऊ पदार्थ भरलेला असतो. तुमच्या कूस बदलण्याने तिला काही होत नाही. तरी आजीची पद्धत सरसकट टाकून देऊ नका. नवव्या महिन्यात झटक्यात वळलं की ओटीचं हाड चमकतं. दोन्ही गुडघे जुळवून, मध्ये उशी धरून, आख्खं अंग एकदम वळवलं तर चमकत नाही.

सोनोग्राफीत गळ्याभोवती नाळेचा वेढा दिसला. म्हणून बाळ वळत नाही का? सिझरच लागेल?

दर चार-पाच बाळांमागे एक बाळ नाळेचा वेढा घेऊन जन्मतं. बहुतेकदा सिस्टर किंवा डॉक्टर डोकं बाहेर आल्यावर तो गळ्यातल्या हारासारखा अलगद काढतात. नुसता वेढा हे सिझरचं कारण नाही. ठोके बदलले तर गोष्ट वेगळी, आणि ठोके तर कळांमध्ये तपासतातच.

नववा संपत आला, डोकं अजून ‘फिक्स’ नाही.

पहिलटकरणीत डोकं बहुधा ३६ ते ३८ आठवड्यांत खाली बसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते कळा सुरू होईपर्यंत वर तरंगत राहिलं तरी चालतं. पहिल्या वेळी दिवस भरूनही वरच असेल तर डॉक्टर वार कुठे आहे, पाणी किती आहे, बाळाची स्थिती काय हे पाहतील. जिने चढ-उतर केल्याने ते खाली येतं का? चालणं चांगलं. पण पाच मजले चढून दमलेली बाई कळांना काय तोंड देणार?

बाळ पायाळू आहे म्हणाले. आता?

आमच्या आळीत एक पायाळू काका होते. कुणाच्या कमरेत लचक भरली की तो माणूस त्यांच्यापुढे पालथा पडायचा आणि काका मोठ्या अदबीने त्याच्या कमरेला पाय लावायचे. पायाळूला जमिनीखालचं पाणी दिसतं, गुप्तधन दिसतं, असंही म्हणत. काकांना आयुष्यभर चाळीतल्या दोन खोल्याच दिसल्या. पण एवढ्या गोष्टी रचल्या गेल्या याचं कारण उघड आहे: पायाळू बाळंतपणातून जगलेलं मूल हे त्या काळी खरंच नवल होतं.

आज काय करायचं ते किती आठवडे झालेत यावर. २८व्या आठवड्यात चार-पाचांत एक बाळ पायाळू असतं, त्यामुळे तेव्हा काहीच करायचं नाही. दिवस भरेपर्यंत ते प्रमाण शंभरात तीन-चारवर येतं. पायाळू म्हणतात खरं, पण बहुतेक बाळांचं बूड खाली असतं आणि पाय वर तोंडाजवळ. पाय पहिले बाहेर येणारी थोडी.

गुडघ्यांवर वाकून छाती जमिनीला टेकवण्याचा व्यायाम इंटरनेटवर सगळीकडे सापडतो. त्याने बाळ फिरतं असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. बीपी वाढलेलं नसेल, रक्त जात नसेल, वार खाली नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर करा, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

खरा उपाय म्हणजे ईसीव्ही: अनुभवी डॉक्टर बाहेरून, पोटावरून दोन्ही हातांनी बाळाला कोलांटी घालायला लावतात. पहिलं बाळंतपण असेल तर ३६व्या आठवड्यापासून, नंतरचं असेल तर ३७व्यापासून. आधी सोनोग्राफी, बाळाचे ठोके, गर्भाशय सैल करणारं इंजेक्शन. मग एक हात बुडाखाली, एक डोक्यामागे. काही मिनिटांचं काम असतं, दुखतं पण सोसवतं, आणि तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की थांबायचं असतं. नंतर पुन्हा ठोके पाहतात, आणि तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन देतात. साधारण निम्म्या बायकांत बाळ फिरतं. पहिलटकरणीत दहातल्या चार, आधी बाळंत झालेल्यांत दहातल्या सहा. धोका छोटा, पण आहे: दोनशेत सुमारे एकीला लगेच सिझर करावं लागतं, म्हणून हे ऑपरेशन थिएटर जवळ असलेल्या जागीच करायचं. नुसतं वाट पाहिली तर ३६ आठवड्यांनंतर पहिलटकरणीचं बाळ आपसूक फिरण्याची शक्यता शंभरात आठ.

आपल्याकडे ईसीव्ही करणारे डॉक्टर थोडे आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी पायाळू म्हटलं की थेट सिझरची तारीख मिळते. त्यामागेही कारण आहे. २००० साली २६ देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीत पायाळू बाळांसाठी ठरवून केलेलं सिझर जास्त सुरक्षित ठरलं आणि जगभर पायाळू बाळंतपणं बंदच पडत गेली. ते हात, ते कौशल्यही त्याबरोबर गेलं. म्हणून ३४-३५व्या आठवड्यातच विचारून ठेवा: ‘इथे ईसीव्ही करतात का? नसेल तर कुठे करतात?’ तारीख मिळाल्यावर विचारून उपयोग नाही.

ओळखीची मालिश करणारी मावशी पोट चोळून बाळ सरळ करून देते म्हणे.

नाही. पाय चोळून घ्या, पाठ चोळून घ्या, पोटाला हात लावू देऊ नका. वर जे ईसीव्ही सांगितलं ते दिसायला तसंच आहे, पण त्याच्या आधी सोनोग्राफी आहे, नंतर ठोके आहेत आणि शेजारी थिएटर आहे. मावशीच्या हाताखाली वार सुटली तर कुणाला कळणारही नाही.

बाळ आडवं आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पोटाचे स्नायू सैल असल्याने बाळं आडवी सापडतात, आणि बरीचशी शेवटी सरळ होतात. पण वार खाली असणं, गाठ असणं, पाणी जास्त असणं हीही कारणं असू शकतात, म्हणून सोनोग्राफी हवीच. ३७ आठवड्यांनंतरही आडवंच असेल तर डॉक्टर दाखल व्हायला सांगू शकतात. पाणमोट फुटली तर बाळाआधी नाळ बाहेर घसरण्याचा धोका असतो. त्यांनी सांगितलं तर वाद घालू नका, बॅग भरा.

कळा सुरू झाल्या की मी काय करू, म्हणजे बाळ वळेल?

माझं सगळ्यात जास्त बोलणं या प्रश्नावर होतं.

माझ्या पहिल्या बाळंतपणात मला टेबलावर उताणं झोपवलं, हाताला सलाईन लावलं आणि ‘हलू नका’ म्हणून सांगितलं. चौदा तास. बाळ पाठीला पाठ होतं हे नंतर कळलं, माझ्या कमरेला मात्र ते पहिल्या तासातच कळलं होतं. दुसऱ्या वेळी मी वॉर्डाच्या खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं टेकून उभी राहिले. गाऊनवर नवऱ्याचा स्वेटर, पायांत त्याच्याच चपला. कळ आली की कट्ट्यावर डोकं टेकायचं, गुडघे सैल सोडायचे आणि कंबर जात्यासारखी गोल फिरवायची. कळ गेली की एक घोट पाणी, खाली पार्किंगमधल्या गाड्या मोजायच्या. सतरा होत्या. मला कुणी शिकवलं नव्हतं, अंगच सांगत होतं.

एकीच्या अनुभवावरून शास्त्र होत नाही, हे मान्य. पण २०१३ साली पंचवीस चाचण्या आणि पाच हजारांवर बायकांचा एकत्रित हिशोब मांडला गेला. कळांच्या पहिल्या टप्प्यात उभ्या राहिलेल्या, फिरलेल्या बायकांचा तो टप्पा पडून राहिलेल्यांपेक्षा सरासरी १ तास २२ मिनिटांनी लवकर संपला, आणि सिझरही कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही, धोका नसलेल्या बाईला कळांमध्ये हालचाल करायला, उभं राहायला प्रोत्साहन द्यावं असं स्पष्ट आहे.

एक ठरावीक पोझ धरली की बाळ हमखास वळतं, असं मात्र नाही. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधल्या दोन चाचण्या २०१६ साली प्रसिद्ध झाल्या, एकीत कुशीवर झोपवून आणि दुसरीत हातागुडघ्यांवर ठेवून पाहिलं होतं. दोन्हींत बाळ वळण्यात फरक दिसला नाही. म्हणून मी पोझ शिकवत नाही, बदल शिकवते. अर्ध्या तासाहून जास्त एका स्थितीत राहू नका, बस. बांगडी चढवताना कासारीण हात एकाच कोनात धरून ठेवत नाही.

सुरुवातीच्या कळांत चाला, टेकून उभं राहा, झोप येत असेल तर खुशाल कुशीवर झोपा. पहिल्या चार तासांतच सगळं बळ संपवलेली बाई मी पाहिली आहे. बाळ वर अडलंय असं वाटलं तर मांड्या बाहेर उघडणाऱ्या हालचाली करा: एक पाय पाटावर किंवा खालच्या पायरीवर ठेवून कळेच्या वेळी त्या बाजूला झुकायचं, थोड्या वेळाने पाय बदलायचा. ओटीचं हाड दुखत असेल तर हे सोडून द्या. बाळ खाली आलं की उलटं: गुडघे जरा आत, टाचा बाहेर. त्याने खालचं तोंड मोकळं व्हायला मदत होते. आणि दर दोन तासांनी लघवीला जा. भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत बसतं. ही गोष्ट इतकी साधी आहे की सगळेच विसरतात.

कळा पोटात नाहीत, कमरेतच येतात.

बऱ्याचदा बाळाचं डोकं माकडहाडावरच्या हाडाला रेटत असतं. कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पाठीला पाठ बाळ असलेल्या १४७ बायकांपैकी काहींना कळांमध्ये तासाभरात किमान अर्धा तास हातागुडघ्यांवर ठेवलं. बाळं वळण्यातला फरक खात्रीचा नव्हता, पण पाठदुखी कमी झाली. माझ्या दृष्टीने तेवढं पुरे.

सोबतच्या माणसाने तळहाताची टाच कंबरेच्या खाली, दोन खळग्यांच्या मधोमध ठेवून कळ संपेपर्यंत घट्ट दाबायचं. चोळायचं नाही, दाबायचं. नवऱ्यांना मी वर्गात भिंत ढकलायला लावते, म्हणजे किती जोर ते कळतं. पहिल्यांदा सगळे घाबरत दाबतात. नंतर घाम येतो. गरम पाण्याची पिशवीही बरी वाटते, कपड्यात गुंडाळून.

एपिड्यूरल घेतलं किंवा मॉनिटर लावला, तर हे सगळं संपलं का?

नाही. मॉनिटरच्या वायरीच्या लांबीत उभं राहता येतं, खुर्चीत बसता येतं. सलाईनचा स्टँड चाकांचा असतो, तो आपल्याबरोबर चालतो. एपिड्यूरलमध्ये, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात त्या औषधाने, उभं राहता येत नसेल तर कुशीवर, गुडघ्यांत जाड उशी किंवा शेंगेच्या आकाराचा बॉल, आणि सिस्टरला सांगून मधून मधून कूस बदलायची. एपिड्यूरल घेतलेल्यांत पाठीला पाठ बाळं जास्त दिसतात, पण ज्यांच्या कळा आधीच कमरेत जास्त असतात त्याच एपिड्यूरल मागतात, असंही असू शकतं. दुखणं सहन होत नसेल तर घ्या.

आमच्याकडे हॉस्पिटलमध्ये हलूच देत नाहीत. मी काय बोलणार?

कळांमध्ये बोलणं होत नाही, म्हणून आधी बोला. आठव्या महिन्याच्या तपासणीला दोनच प्रश्न: ‘धोका नसेल तर कळांमध्ये मला फिरता येईल का?’ आणि ‘माझ्यासोबत कुणी थांबू शकेल का?’ सरकारी दवाखान्यांत बाळंतपणात सोबत बाईमाणूस ठेवण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ साली दिली आहे, आणि २०१७ अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सन्मानाने वागवणं आणि सोबतीण हे मुद्दे आहेत. हे भांडायला नाही, माहिती म्हणून सांगते. सिस्टर एकटी आणि टेबलं चार असतील तेव्हा तिला तुमची सोबतीण हवीच असते. आई, बहीण, जाऊ, जी घाबरत नाही ती न्या. रडणारी मावशी बाहेर बसू दे.

कधी व्यायाम-बियाम सोडून सरळ निघायचं?

बाळाची हालचाल कमी झाली तर. ‘शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं’ हे चूक आहे, हालचालीचा प्रकार बदलतो, पण ती मंदावता कामा नये. रक्त गेलं, पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट दिसलं, डोकं सतत दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच. बाळ पायाळू किंवा आडवं असताना पाणमोट फुटली तर एक मिनिटही थांबू नका, आणि नाळ हाताला लागली तर गुडघ्यांवर ओणवं होऊन डोकं खाली, बूड वर करा, नाळ आत ढकलू नका आणि कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा.

मी सगळं केलं, चालले, बॉलवर बसले, तरी बाळ वळलं नाही आणि सिझर झालं. माझं काय चुकलं?

काही नाही. कटीचा आकार, वारेची जागा, नाळेची लांबी, बाळाने मान कशी धरली आहे, यातलं काहीही तुमच्या हातात नव्हतं. वार पुढच्या भिंतीला असेल तर बाळ पाठीला पाठ राहण्याची शक्यता मुळातच जास्त. कधीकधी डॉक्टर आतून हाताने डोकं वळवून पाहतात, तेही प्रत्येक वेळी जमत नाही. मला राग येतो तो ‘तू सोफ्यावर बसायचीस ना, म्हणून’ असं बाळंतिणीच्या खोलीत येऊन सांगणाऱ्यांचा. त्यांना चहा देऊन लवकर वाटेला लावा.

बॉल घ्यायचाच का? कोणत्या मापाचा?

घ्यायचाच असं नाही, पाट, खुर्ची आणि ओटा यांत सगळं होतं. घेतलात तर उंची पाच फूट तीन इंचांपर्यंत असेल तर ५५ सेंटिमीटरचा, त्याहून जास्त असेल तर ६५ चा. बसल्यावर बूड गुडघ्यांपेक्षा थोडं वर हवं, नाहीतर हवा भरा. ‘अँटी-बर्स्ट’ लिहिलेला घ्या, सतरंजीवर ठेवा, पहिल्या वेळी कुणीतरी मागे उभं असू द्या, आणि पायांत मोजे नकोत. बाळंतपणानंतर माळ्यावर टाकू नका. रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन डोलायला तोच लागतो.